मोती चालला जर्मनीला!

पुण्या-मुंबईच्या गल्लीतला कुत्रा दत्तक घेऊन परदेशी न्यायचा, तर विमानाच्या तिकिटाआधी कॅलेंडर उघडा.

● आधी चिप, मग लस : मानेमागे त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. तिच्यावर १५ अंकी क्रमांक असतो. रेबीजची लस त्याआधी टोचली असेल, तर युरोपीय संघ ती धरत नाही.

● युरोपीय संघासाठी रक्ततपासणी : लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवे. नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबावे लागते. लस १२ आठवड्यांआधी चालत नाही, म्हणजे पिल्लू सात महिन्यांचे होईपर्यंत प्रवास नाहीच.

● अमेरिका : १ ऑगस्ट २०२४पासून सहा महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेश नाही. भारत रेबीजच्या जोखमीच्या यादीत असल्याने नियम अधिक कडक आहेत.

● कॅनडा : भारतासारख्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्रे आणण्यावर २८ सप्टेंबर २०२२पासून बंदी आहे.

● निघताना : पशुवैद्यकाचा दाखला आणि केंद्राच्या पशु संगरोध विभागाचे निर्यात प्रमाणपत्र जवळ हवे.

● क्रेट : आत कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे. महिनाभर आधी क्रेट घरात उघडा ठेवा, त्यातच जेवण वाढा, जुनी चादर अंथरा. ती चादर न धुताच सोबत पाठवा. परक्या देशात ओळखीचा वास तेवढाच असतो.

नियम बदलत राहतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडे आणि विमान कंपनीकडे खात्री करून घ्या.