संदर्भोल्लेखांची मोजदाद : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संशोधकाच्या नेमणुकीचा वा बढतीचा प्रश्न विद्यापीठांच्या समित्यांपुढे येतो, तेव्हा त्याने लिहिलेले लेख सभासदांच्या पुढ्यात क्वचितच असतात. असते ती एक फर्द. तिच्यात लेखांची संख्या, त्या लेखांचा इतर संशोधकांनी किती वेळा उल्लेख केला त्याचा आकडा, आणि या दोहोंतून काढलेला एखादा निर्देशांक एवढा तपशील भरलेला असतो. आकडा मोठा तर माणूस मोठा, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की तिची शहानिशा करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. त्यातही ज्या शास्त्राने मोजमापाच्या मर्यादा जगाला शिकविल्या, त्या संख्याशास्त्राच्या उपासकांची योग्यताही याच मापाने ठरावी, हे मला विशेष क्लेशकारक वाटते.

कल्यमपुडी राधाकृष्ण राव यांचेच उदाहरण घेऊ. 1943-44च्या सुमारास, वयाची पंचविशीही न गाठलेले राव कलकत्ता विद्यापीठात शिकवीत असता, संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा एक सिद्धांत त्यांनी वर्गात मांडला. एखाद्या अज्ञात राशीचा अंदाज नमुन्यावरून बांधताना, नमुना अमर्याद मोठा असेल तर अचूकतेची जी कमाल मर्यादा ठरते, तिच्याविषयीचा तो सिद्धांत होता. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, नमुना लहान आणि मर्यादित असेल तर अशी काही सीमा सांगता येईल काय? रावांनी त्या रात्री बसून उत्तर सिद्ध केले आणि 1945 साली ते कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. स्वीडनचे हाराल्ड क्रामेर हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते, म्हणून ती सीमा आज जगभर क्रामेर-राव या जोडनावाने ओळखली जाते. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी म्हणजे विनायक महादेव दांडेकर. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून, आणि नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा 1971 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणून, महाराष्ट्राने त्यांना ओळखले. संख्याशास्त्रातील एका मूलभूत सिद्धांताचा उगम त्यांच्या प्रश्नात आहे. परंतु उल्लेखांची मोजदाद करणाऱ्या कोणत्याही दप्तरात त्या प्रश्नाची नोंद नाही, आणि असणे शक्यही नाही.

थोर संशोधन थोर नियतकालिकातच प्रसिद्ध होते, या गैरसमजाचे उत्तर रावांच्या 1945च्या या लेखातच आहे. कलकत्त्याची ती पत्रिका त्या काळी लंडनच्या वा अमेरिकेच्या मान्यवर नियतकालिकांच्या पंक्तीला बसणारी नव्हती. आज नियतकालिकाची प्रतिष्ठा ज्या 'प्रभाव-गुणांका'ने मोजतात, तो काढण्याची रीत अशी : मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे चालू वर्षात किती उल्लेख झाले ते मोजावयाचे आणि त्या संख्येस त्या लेखांच्या संख्येने भागावयाचे. म्हणजे ही केवळ सरासरी झाली, आणि तीही अशा राशींची की ज्यांत मूठभर लेखांना अमाप उल्लेख मिळतात व बहुसंख्य लेखांच्या वाट्याला अगदी थोडे येतात. अशा विषम वाटणीत सरासरीवरून एखाद्या विवक्षित लेखाविषयी काहीच निश्चित सांगता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. शिवाय दोन वर्षांची ही मुदत गणिती विद्यांना अत्यंत अपुरी आहे. रावांना संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक 2023 साली, त्यांच्या वयाच्या 102व्या वर्षी जाहीर झाले, ते मुख्यत्वे 1945च्या त्या लेखासाठी. मध्ये 78 वर्षांचा काळ लोटला होता.

दुसरी समजूत अशी की, ज्या लेखाचे उल्लेख सर्वांत अधिक, तोच सर्वांत सखोल. 'नेचर' साप्ताहिकाने 2014 साली सर्व शास्त्रांतील सर्वाधिक उल्लेखिलेल्या 100 लेखांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा अग्रस्थानी होता प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत सांगणारा 1951चा लेख, आणि त्याच्या उल्लेखांची संख्या तीन लाखांवर गेली होती. त्याचे प्रमुख लेखक ऑलिव्हर लाउरी यांनी तो लेख थोर नसल्याचे स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते. त्याच यादीत अकरावे स्थान कॅप्लान व मायर यांच्या 1958च्या लेखाला आणि चोविसावे डेव्हिड कॉक्स यांच्या 1972च्या लेखाला मिळाले. हे दोन्ही लेख शुद्ध संख्याशास्त्राचे असले, तरी त्यांचा दाखला देणारे बहुतेक लेखक वैद्यकातील आहेत. कारण रुग्ण उपचारानंतर किती काळ जगले, आणि जे मध्येच अभ्यासातून बाहेर पडले त्यांचा हिशेब कसा धरावा, हा प्रश्न त्यांना नित्य पडतो. वैद्यकात लेख अधिक, लेखक अधिक आणि प्रत्येक लेखाअखेरची संदर्भसूचीही लांब. गणितात हे तिन्ही तुलनेने अल्प. म्हणून संख्याशास्त्रज्ञाचा आकडा वैद्यकाच्या आकड्याशेजारी ठेवणे, किंवा प्रयोगशाळांना उपयोगी पडलेल्या संख्याशास्त्रज्ञाची तुलना शुद्ध सिद्धांत मांडणाऱ्याशी करणे, मुळातच अयोग्य आहे.

कॅप्लान-मायर लेखाचा इतिहास आणखी एका कारणाने मननीय आहे. एडवर्ड कॅप्लान यांच्यापुढे समुद्रतळाच्या दूरध्वनी-तारांतील निर्वात नळ्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, तर पॉल मायर यांच्यापुढे रुग्णांच्या आयुष्याचा. दोघांनी स्वतंत्रपणे पाठविलेली हस्तलिखिते एकत्र करण्याची सूचना त्यांना झाली, आणि मतभेद मिटवून एकच लेख सिद्ध होण्यास काही वर्षे लागली. प्रसिद्धीनंतरही कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1970 नंतर संगणकांचा प्रसार झाला तेव्हाच उल्लेखांचा ओघ सुरू झाला. प्रसिद्धीनंतरच्या पाच वर्षांत त्या लेखकांचे मूल्यमापन आजच्या रीतीने झाले असते, तर त्यांच्या पदरी काय पडले असते?

तिसरा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, तो असा की, ज्याचा उल्लेख होत नाही त्याचा प्रभावही नाही. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते. एखादी रीत सर्वांच्या अंगवळणी पडली की मूळ लेखाचा दाखला देण्याची गरजच उरत नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 साली मांडलेले 'अंतर' आज असंख्य संगणक-प्रणालींत अंतर्भूत आहे, आणि ते वापरणारा त्यांचे नाव घेतो, परंतु मूळ लेखाचा निर्देश करीलच असे नाही. क्रामेर-राव सीमेचेही तसेच. शिवाय निर्देश करावयाचा झाला तरी पुष्कळजण मूळ लेखाऐवजी पाठ्यग्रंथाकडे वळतात. रावांच्या 1965च्या रेषीय अनुमानावरील ग्रंथाला त्यांच्या 1945च्या लेखाहून अधिक उल्लेख मिळाले, याचे कारण हेच.

भौतिकीचे होर्हे हिर्श यांनी 2005 साली सुचविलेला 'एच' निर्देशांक हे सगळे दोष झाकून एकच आकडा हाती देतो : ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख आहेत, त्याचा निर्देशांक दहा. आता एकाच्या दहा लेखांना प्रत्येकी दहा, आणि दुसऱ्याच्या दहा लेखांना प्रत्येकी हजार उल्लेख असले, तरी दोघांचा निर्देशांक दहाच. रॉबर्ट वेडरबर्न यांनी 1972 साली जॉन नेल्डर यांच्यासह सामान्यीकृत रेषीय प्रतिमानांचा जो लेख लिहिला, त्याने संख्याशास्त्रीय प्रतिमाननिर्मितीची घडीच बदलली. परंतु 1975 साली वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते निवर्तले, आणि अल्पायुषी माणसाचा निर्देशांक त्याच्या लेखसंख्येपलीकडे जाऊच शकत नाही.

उल्लेख म्हणजे संमती नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. खंडनासाठी केलेला उल्लेख आणि केवळ रिवाज म्हणून केलेला उल्लेख, दोन्ही जमेच्याच बाजूस मांडले जातात.

तथापि ही मोजदादच निरर्थक आहे, असे मानणे हा उलट बाजूचा गैरसमज होय. युजीन गारफील्ड यांनी 1955 साली उल्लेखसूचीची कल्पना मांडली, ती अमेरिकेतील कायद्याच्या निवाड्यांच्या सूचीवरून, आणि तिचा उद्देश माणसे तोलण्याचा नसून विचारांचा माग काढण्याचा होता : जुना लेख हाती घ्यावा आणि त्याच्यापुढे कोणी काय केले ते शोधावे. 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यानेही नियतकालिकांचे गुणांक व्यक्तींच्या मूल्यमापनास वापरू नयेत, असेच सांगितले. रावांच्या 1945च्या लेखाचा माग असा काढला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. त्यात अचूकतेची सीमा होती. ओबडधोबड अंदाज सुधारण्याची ती युक्तीही होती, जिला पुढे रावांच्या बरोबरीने डेव्हिड ब्लॅकवेल यांचे नाव जोडले गेले. आणि संभाव्यतेच्या वाटण्या जणू एका वक्र पृष्ठभागावरील बिंदू आहेत असे मानून त्यांच्यातील अंतर मोजण्याची कल्पनाही होती. पहिल्या दोन गोष्टी लौकरच सर्वत्र पसरल्या. तिसरी दीर्घकाळ जवळजवळ अस्पर्शित राहिली, आणि 1980 नंतर जपानच्या शुन्-इची अमारी यांच्या हातून तिच्यातून 'माहिती-भूमिती' नावाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली.