घाटवाटेसाठी टायरची निवड

मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी हे गाव बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. पावसाळ्यात या एकाच प्रवासात मोटारीला कोरडी सडक, ओली वळणे, धुके व चिखल या साऱ्यांतून जावे लागते. अशा वाटेसाठी टायर बदलताना तो किती टिकेल एवढेच पाहून भागत नाही.

टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी त्या बाहेर सारतात, म्हणूनच रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजल्या की वेगात चाक पाण्याच्या थरावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवूनही मोटार वळत नाही आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर खोल असते; १.६ मिलिमीटर ही अखेरची मर्यादा होय. परंतु घाटातील पावसात ३ मिलिमीटर उरताच टायर बदलणे शहाणपणाचे.

थंड देशांतील हिवाळी टायरचे रबर ७ अंशांखालील थंडीसाठी मऊ ठेवलेले असते. आपल्याकडील उष्ण सडकेवर ते लवकर झिजते. येथे ओल्या रस्त्यावर चांगली पकड घेणारा साधा टायरच योग्य.

खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवरील चार अंक पाहावेत. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील माल. दोनच टायर घ्यावयाचे असल्यास ते मागील चाकांना बसवावेत. कारण ओल्या वळणावर मागची चाके घसरली, तर मोटार सावरणे फार कठीण होते.