पारावरची गोष्ट आणि मोबाइलचा ग्रुप

मंडळी, इंदापूरच्या खेड्यात पारावर बोलताना पुढे कोण बसलंय ते दिसतं. परका माणूस आला, की आपण आवाज उतरवतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ही सोय नाही.

समजा, उजनीच्या काठावरच्या एका शेतकऱ्यानं पीक विम्यासाठी आधार कार्डाचा आणि पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाकला. प्रत्येक जण तो ठेवून घेऊ शकतो, पुढेही धाडू शकतो. मागाहून आपण पुसला, तरी दुसऱ्यानं ठेवलेली प्रत राहतेच. नाव, नंबर आणि खातं एका हाती लागलं, की ठकाचं काम सोपं. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून तो ओटीपी विचारतो. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. बँक ती फोनवर कधीच मागत नाही.

म्हणून कागद ज्याला हवा त्यालाच द्यावा. आधारची शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रतही मिळते, बऱ्याच ठिकाणी ती चालते. आणि पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

गुरुजी, एवढं वर्गात सांगा. मुलं घरी जाऊन आजोबांना सांगतील.