रोबो औषध आणेल. मान उचलायला कोण सांगेल?

रुग्णालयातला रोबो म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रिया करणारे लांबलचक यांत्रिक हात येतात. पण आता जगभरच्या रुग्णालयांत ज्यांचा वावर वाढतो आहे, त्या रोबोंचे काम ओझी वाहण्याचे आहे. औषधे, जेवणाची ताटे, रक्ताचे नमुने, धुण्याच्या चादरी एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे, एवढेच ते करतात. त्यांना 'सेवा रोबो' म्हणतात. हॉटेलात ताटे पोचवणारे आणि विमानतळावर वाट दाखवणारे रोबो त्यांचेच भाऊबंद. मोठ्या शहरांत आलेली यंत्रे काही वर्षांत तालुक्यापर्यंत पोचतात, हा सोनोग्राफीपासूनचा अनुभव आहे. म्हणून नेरसारख्या गावानेही या पाहुण्याची ओळख आधीच करून घेतलेली बरी.

कल्पना तशी जुनी आहे. जोसेफ एंगलबर्गर यांच्या कंपनीचा 'युनिमेट' हा रोबो १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे याच एंगलबर्गर यांनी 'हेल्पमेट' नावाचा रोबो तयार केला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेतल्या डॅनबरी रुग्णालयात ताटे पोचवू लागला.

कोरोनाने दार उघडले

आपल्याकडे त्याला खरी संधी मिळाली २०२० मध्ये. मुंबईत वरळीच्या पोदार रुग्णालयात 'गोलर' नावाचा ट्रॉली-रोबो कोरोनाच्या रुग्णांना जेवण, पाणी आणि औषधे पोचवू लागला. केरळात एर्नाकुलमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 'कर्मी-बॉट' आला. २५ किलोपर्यंत ओझे वाहणे आणि सेकंदाला एक मीटर चालणे ही त्याची क्षमता. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातही असे रोबो होते. पुणे स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाने प्रवाशांच्या तपासणीसाठी 'कॅप्टन अर्जुन' उभा केला.

त्या काळात हे योग्यच होते. संसर्गाची भीती होती, पीपीई किट अपुरे होते. वॉर्डातली प्रत्येक फेरी टाळता आली तर हवीच होती. तेव्हा रुग्णापासून राखलेले अंतर हाच फायदा होता. साथ सरली आणि हिशेब उलटला. आता अंतर राखून रुग्णाचे भले होत नाही.

यंत्राच्या पोटात काय असते?

असा रोबो चालतो कसा? त्याच्या अंगावर लेझर किरण सोडणारे उपकरण असते. किरण भिंतीवर, खाटेवर, माणसावर आपटून परत येतात. त्या वेळेवरून तो अंतर मोजतो आणि इमारतीचा नकाशा तयार करतो. पुढे चालताना समोरचे दृश्य त्या नकाशाशी जुळवत राहतो. वाटेत कुणी आले तर थांबतो किंवा वळसा घालतो. समोर आलेली वस्तू खुर्ची आहे की मूल, हे ओळखण्याचे आणि माणसाचे बोलणे समजून घेण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करते.

म्हणजे त्याला सपाट फरशी, उंबरा नसलेली दारे, रुंद वऱ्हांडा, चार्जिंगसाठी वीज आणि नियमित दुरुस्ती लागते. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात मात्र रात्री नातेवाईक चटया टाकून झोपलेले असतात, उशाशी डबे आणि पिशव्या असतात. रोबो कुणाला तुडवणार नाही, पण जागच्या जागी थांबून राहील.

भाषेचा प्रश्न आणखी नाजूक. चौकशीच्या खिडकीवर बोलणारा रोबो पुस्तकी मराठी शिकलेला असेल आणि म्हातारी म्हणेल, 'जीव घाबरा होऊन राह्यला बाप्पा.' ही घबराट आहे की हृदयविकाराची सुरुवात, हे तिच्या चेहऱ्यावरचा घाम पाहून ठरते. यवतमाळ जिल्ह्यात गोरमाटी, कोलामी आणि गोंडी बोलणारेही रुग्ण आहेत. भारत सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतो आहे, पण तक्रार समजली नाही तर चूक थेट रुग्णाच्या अंगावर येते.

खाटेजवळचे काम

परिचारिका खाटेजवळ नेमके काय करते, हे फवारणीच्या हंगामात कळते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दाखल करावे लागले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला ॲट्रोपिन देतात. ते किती द्यायचे हे छातीतली घरघर, नाडी, रक्तदाब आणि घाम पुन्हा पुन्हा पाहून ठरवावे लागते. शुद्धीवर आलेला, बोलू लागलेला रुग्णही एक ते चार दिवसांत अचानक खालावू शकतो. आधी मानेचे स्नायू लुळे पडतात, मग श्वासाचे. म्हणून अनुभवी सिस्टर येता-जाता सांगते, 'दादा, उशीवरून मान उचलून दाखवा बरं.' मान उचलता आली नाही की ती डॉक्टरांना हाक मारते. बोटाला लावलेल्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा अशा वेळी बराच उशिरा घसरतो.

औषधभांडारातून ॲट्रोपिन रोबोने आणले तर हरकत काहीच नाही. उलट सिस्टरची फेरी वाचेल. प्रश्न एवढाच की वाचलेली पाच मिनिटे त्या खाटेजवळ खर्च होतात का. रोबो आल्याचे कारण सांगून परिचारिकेचे रिकामे पद भरलेच नाही, तर मान उचलायला सांगणारे कुणी उरणार नाही.

निर्जंतुकीकरणाचेही तसेच. अतिनील किरण सोडणारे रोबो जंतू मारतात, हे खरे. पण हे किरण डोळ्यांना आणि त्वचेला घातक असल्याने खोली रिकामी करावी लागते आणि खाटेखाली सावली पडते तिथे ते पोचत नाहीत. फरशी आधी पुसावीच लागते. शिवाय वॉर्डावॉर्डांतून फिरणाऱ्या रोबोची चाके आणि कप्पे कुणीतरी पुसलेच पाहिजेत, नाहीतर तोच जंतूंचे वाहन होईल.

विकत घेण्याआधी

जपानमध्ये नागासाकीजवळ २०१५ मध्ये रोबोंनी चालवलेले 'हेन ना' हॉटेल सुरू झाले. खोलीतला छोटा रोबो पाहुण्यांच्या घोरण्याला प्रश्न समजून त्यांना झोपेतून उठवू लागला. २०१९ पर्यंत तिथल्या निम्म्याहून अधिक रोबोंना रजा द्यावी लागली. हॉटेलात हा विनोद ठरतो, वॉर्डात ठरणार नाही.

म्हणून लाभ-हानीचा हिशेब इमारत पाहून करावा. हजार खाटांच्या, अनेक मजल्यांच्या रुग्णालयात प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांत लांब अंतर असते. तिथे ओझी वाहणारा रोबो खरोखर पावले वाचवतो. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे. तिथे औषधभांडार हाकेच्या अंतरावर असते. नेरच्या गंभीर रुग्णासाठी लांब अंतर असते ते यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे आणि ते रुग्णवाहिकाच कापू शकते.

तरीही कुणी दान म्हणून किंवा योजनेतून रोबो दिला, तर रुग्ण कल्याण समितीने काही प्रश्न आधी विचारावेत. बंद पडल्यावर दुरुस्तीला कोण येणार, किती दिवसांत? वीज गेली तर काम कोण करणार? त्याच्या कॅमेऱ्यात टिपलेले रुग्णांचे चेहरे कुठे साठवले जाणार? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. चुकीच्या खाटेवर औषध गेले तर जबाबदार कोण? आणि महिन्याभराने मोजावे असे एकच: सिस्टर रुग्णाजवळ पूर्वीपेक्षा जास्त वेळ असतात की कमी? वेळ वाढला असेल तर यंत्र ठेवावे. नसेल तर ते परत पाठवून त्या पैशांत एक रिकामे पद भरण्याचा आग्रह धरावा.