संयुक्त औषधांचे स्थैर्य आणि स्पेक्ट्रोफोटोमेट्री

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत दिली जातात. प्रौढांच्या गोळीत त्यांचे प्रमाण अनुक्रमे १५०, ७५, ४०० व २७५ मिलिग्रॅम असते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ मध्ये अशा गोळ्या रोज देण्याची पद्धत देशभर लागू झाली. त्यामुळे एकच औषध घेऊन बाकीची टाळण्याची शक्यता उरली नाही. मात्र ही चारही औषधे गोळीत टिकून राहतात काय, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे.

आम्लात रिफाम्पिसिनचे अपघटन होऊन ३-फॉर्मिल रिफामायसिन तयार होते. आयसोनियाझिड त्याच्याशी संयोग पावून हायड्राझोन बनवते. हे हायड्राझोन आम्लात पुन्हा फुटते व आयसोनियाझिड बरेचसे परत मिळते. रिफाम्पिसिन मात्र गेले ते गेलेच. हा व्यवहार जठरात तर होतोच, पण दमट हवेत साठवलेल्या गोळीतही होऊ शकतो, कारण इथॅम्ब्युटॉल हायड्रोक्लोराइड ओलावा ओढून घेते. रिफाम्पिसिनची मात्रा कमी पडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

बीअर-लँबर्ट नियमानुसार विरल विद्रावाचे प्रकाशशोषण त्याच्या संहतीच्या सम प्रमाणात असते आणि मिश्रणातील घटकांच्या शोषणांची बेरीज होते. म्हणून दोन तरंगलांबींवर मापन करून एकसामयिक समीकरणांनी दोन घटक काढता येतात. रिफाम्पिसिनचे दृश्य भागातील शिखर ४७५ नॅनोमीटरजवळ आहे. आयसोनियाझिड व पायराझिनामाइड यांची शिखरे २६० ते २७० या अरुंद पट्ट्यात एकमेकांना खेटून आहेत. तेथे मापनातील लहानशी चूक उत्तरात मोठी होते. इथॅम्ब्युटॉल या भागात प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे ते या पद्धतीच्या आवाक्याबाहेरच राहते.

खरी अडचण पुढेच आहे. ३-फॉर्मिल रिफामायसिनही रंगीत असून त्याचे शोषण रिफाम्पिसिनच्या शोषणावर पडते. समजा, गोळ्या ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवल्या आणि ४७५ वर आरंभीच्या ९८ टक्के शोषण मिळाले. पाच टक्क्यांची घट लक्षणीय मानली जाते, तेव्हा गोळी उत्तीर्ण ठरेल. परंतु त्या ९८ मध्ये अपघटित द्रव्याचा वाटा किती, हे आकडा सांगत नाही. म्हणून कोणतीही पद्धत स्थैर्यदर्शक म्हणण्यापूर्वी आम्ल, अल्कली, हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता व प्रकाश यांनी मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्यांवर ती पारखावी लागते. डेरिव्हेटिव्ह वर्णपटाने काही आच्छादन दूर होते, सर्व नाही. अंतिम पडताळणी एचपीएलसीवरच होते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे दाखवता येईल. दोन चंबूंत ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात रिफाम्पिसिन घ्यावे, त्यांपैकी एकात आयसोनियाझिड घालावे व दोन्ही ३७ अंशांवर तासभर ठेवावेत. आधीचे व नंतरचे ४०० ते ६०० नॅनोमीटरचे वर्णपट एकाच कागदावर काढावेत. विद्रावांचा रंग कायम दिसेल. मग तेच नमुने सिलिका जेलच्या पातळ थरावर चालवून रंगीत ठिपके मोजण्यास विद्यार्थ्यांना सांगावे.