बांधापलीकडचा ऊस



ऊस कारखान्याला गेला, वजनाच्या पावत्या हाती आल्या, की पारावर एकच बोलणे सुरू होते, "तुला एकरी किती पडला?" शेजाऱ्याला 60 टन आणि आपल्याला 42 टन, हे कळले की त्या रात्री घास गोड लागत नाही. घरात चिडचिड होते. पुढच्या हंगामात ईर्षेने खताची जादा पोती येतात आणि सोसायटीचे कर्ज वाढते.

पण शेजाऱ्याचा ऊस किती महिन्यांचा होता, हे विचारायचे राहूनच जाते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि 16 ते 18 महिने रानात उभा असतो. सुरू ऊस 12 महिन्यांत तुटतो. आता हिशेब करा. 17 महिन्यांत 60 टन म्हणजे महिन्याला सुमारे साडेतीन टन. 12 महिन्यांत 42 टन म्हणजेही साडेतीनच! शिवाय आपले रान 5 महिने आधी मोकळे झाले. मग आपण नापास कसे?

खताचेही तसेच आहे. नत्राची शिफारस आडसालीला हेक्टरी 400 किलो, तर सुरूला 250 किलो आहे. शेजाऱ्याचे पाहून सुरूला आडसालीचा डोस दिला, तर पैसा जातो, ऊस लोळतो आणि कीडही वाढते. त्यातून कोणाचे रान काळे भारी, कोणाचे मुरमाड. कोणाच्या विहिरीला बारमाही पाणी, कोणाची मार्चमध्येच तळ गाठते.

संसारातही हेच होते. शेजाऱ्याच्या दारातला ट्रॅक्टर दिसतो, त्याचा हप्ता दिसत नाही. तीन एकरांच्या धन्याला भाड्याने नांगरट करून घेणेच परवडते. लग्नाचा मांडव त्याच्याएवढा घातला, तर कर्ज मात्र आपल्यालाच फेडावे लागते. मुलालाही "त्यांचा पोरगा बघ" असे ऐकवू नये. त्याचे मागच्या सहामाहीचे गुण आणि आताचे गुण पाहावेत.

मग तुलना करूच नये काय? जरूर करावी, पण आपल्याच मागच्या सालाशी. एक साधी वही घाला. लागणीची तारीख, बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, खर्च, वजन आणि शेवटी हातात राहिलेले पैसे त्यात लिहा. घरातली शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करील. दोन-तीन सालांत आपले कुठे सुधारले, कुठे चुकते, ते वहीच सांगेल.

आणि शेजाऱ्याकडेही अवश्य जा. मात्र "किती पडला?" एवढेच विचारून परत फिरू नका. "लागण कधी केलीत? बेणे कुठून आणले? सरी किती फुटांची?" असे विचारा. चांगला शेतकरी हे हौसेने सांगतो. त्यातले आपल्या रानाला, पाण्याला आणि खिशाला मानवेल तेवढे घ्यावे, बाकीचे त्याच्या बांधावरच ठेवावे.