पायाखालचे बळ

पुण्याहून दक्षिणेस किंवा पश्चिमेस निघालेला कोणताही मोठा रस्ता फार वेळ न जाता घाटाच्या तोंडाशी येतो. साताऱ्याकडे निघाले की कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडच्या वाटेवर दिवे घाट, भोरहून महाडास उतरताना वरंधा, आणि मुंबईच्या जुन्या मार्गावर 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाड्यांसाठी खुला झालेला बोरघाट. या शहरात जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्याला रंगाच्या तकाकीपेक्षा आणि इंजिनाच्या आवाजापेक्षा ब्रेकची चिंता अधिक असावी, यात म्हणूनच नवल नाही. जुनी फियाट चालवणारा मनुष्य उताराच्या वळणावर पेडलवर जवळजवळ उभा राहतो, आणि मनात म्हणतो की आजच्या गाड्यांसारखा हलका ब्रेक या गाडीला बसवता आला तर किती बरे होईल. तसा तो बसवता येतो. परंतु तो कोणत्या प्रकारचा बसवावा आणि त्यापूर्वी काय काय करावे, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत, आणि त्यांतले काही प्राणावर बेतणारे आहेत.

पहिला गैरसमज नावातच दडलेला आहे. ‘हायड्रॉलिक ब्रेक’ आणि ‘हायड्रॉलिक शक्तीने साहाय्य केलेला ब्रेक’ या दोन निराळ्या गोष्टी होत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली व पुढे फियाट 1100 घडवली. हीच गाडी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघर ओळखीची झाली. तिचे ब्रेक आरंभापासून हायड्रॉलिकच होते, म्हणजे पायाचा जोर चाकापर्यंत तेलाच्या द्वारे पोचत होता. समजा, आपण पेडलवर 25 किलोचा भार दिला. तरफेमुळे तो मास्टर सिलिंडरपाशी सहापट म्हणजे 150 किलो होतो. तेथील दट्ट्या लहान आणि चाकातील सिलिंडरचा दट्ट्या मोठा असल्यामुळे तो आणखी वाढून ब्रेकच्या दोन्ही शूंना ड्रमवर दाबतो. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला द्रवाच्या दाबाचा नियम येथे राबतो आहे. मात्र या सर्व व्यवहारात भांडवल एकच, आणि ते म्हणजे चालवणाऱ्याचा पाय.

ड्रम ब्रेकच्या गाडीत हे भांडवल पुरत असे, कारण ड्रमला एक उपजत गुण आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढतो आणि अधिकच घट्ट दाबून घेतो, म्हणजे गाडीची गतीच स्वतःला थांबवण्याच्या कामी काही अंशी लागते. डिस्क ब्रेकला हा गुण नाही. तिथे दोन पॅड सपाट चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि जेवढे दाबावे तेवढेच धरतात. म्हणून पद्मिनीच्या किंवा अँबॅसडरच्या पुढच्या चाकांना केवळ डिस्क बसवून जो मनुष्य समाधान मानतो, त्याला पहिल्याच दिवशी पेडल दगडासारखे लागते, आणि मग बूस्टरचा, म्हणजे पायाच्या जोराला जोड देणाऱ्या यंत्राचा, शोध सुरू होतो.

बूस्टरचा सर्वपरिचित प्रकार व्हॅक्यूमचा. बेल्जियमचे अभियंते अल्बर्ट देवांद्र यांनी 1920 च्या दशकात तो रूढ केला. पेट्रोल इंजिन श्वास घेताना पायाखालच्या अॅक्सिलरेटरची झडप मिटलेली असली की नळीत विरळ हवा उरते. बूस्टरच्या डब्यातील पडद्याच्या एका अंगास ही विरळ हवा ठेवून दुसऱ्या अंगास बाहेरची हवा सोडली की वातावरणाचा भार आपल्या पायाच्या मदतीस धावतो. हा भार फार नाही, दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 600 ग्रॅमचा फरक हाती लागतो. तथापि 23 सेंटिमीटर व्यासाचा पडदा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ 415 चौरस सेंटिमीटर भरते आणि मदत सुमारे 250 किलोंची होते. पडदा जेवणाच्या ताटाएवढा का लागतो, याचा उलगडा या हिशेबात आहे. पुणे समुद्रसपाटीहून सुमारे 560 मीटर उंच असल्याने हवेचा दाबही इथे 6 टक्क्यांच्या आसपास कमी असतो, महाबळेश्वरी 15 टक्क्यांनी, आणि जेथे उतार सर्वांत कठीण तेथेच ही मदत किंचित रोडावते. इंजिन झिजलेले असेल तर ती आणखी आटते.

दुसरा प्रकार हायड्रॉलिक बूस्टरचा, आणि त्याचे तत्त्व मला अधिक देखणे वाटते. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक तेलाचा पंप आधीपासूनच असतो. 1951 मध्ये क्रायस्लर इंपीरियलमधून ही सोय प्रवासी मोटारीत आली. त्या पंपाचे तेल स्टिअरिंगकडे जाण्यापूर्वी ब्रेकच्या बूस्टरमधून फिरवून न्यावे, ही कल्पना अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने 1970 च्या दशकात प्रचारात आणली. पेडलला स्पर्श नसतो तोवर तेल बूस्टरमधून विनासायास पुढे निघून जाते. पेडल दाबताच आतली एक सरकती झडप त्या प्रवाहाची वाट आवळते, दाब चढतो, आणि तो एका दट्ट्यावर येऊन मास्टर सिलिंडरला पुढे रेटतो. हवेच्या दाबाशी तुलना करा. पंपाने दर चौरस सेंटिमीटरला 80 किलोचा दाब दिला, तर तेच 250 किलोंचे बळ मिळवण्यास सुमारे 3 चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या पुरतो, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. ताटाचे काम नाणे करते. अरुंद बॉनेटखाली, जिथे ताटाएवढा डबा मावतच नाही, तिथे या यंत्राचे मोल कळते.

मग प्रत्येक जुन्या गाडीला हेच का बसवू नये? माझे मत स्पष्ट आहे, की पद्मिनीला ते बसवू नये. 1089 सीसीच्या त्या हलक्या गाडीत मुळात पॉवर स्टिअरिंगचा पंपच नाही; केवळ ब्रेकसाठी पंप, पुली, पट्टा, तेलाची टाकी आणि उच्च दाबाचे होज पाइप बसवणे म्हणजे पाणपोईसाठी धरण बांधणे होय. तिच्यासाठी लहान व्हॅक्यूम बूस्टर पुरेसा आहे. हायड्रॉलिक बूस्टरची खरी जागा दोन प्रकारच्या गाड्यांत आहे. एक, 1960 च्या दशकातील शेव्हरोले इम्पालासारख्या अवजड अमेरिकन गाड्या, जिथे पंप असण्याचा संभव असतो आणि थांबवायचे ओझेही तसेच असते. दुसरी जागा आपल्याकडे अधिक महत्त्वाची, आणि ती म्हणजे डिझेल इंजिन टाकून घेतलेल्या गाड्या. पेट्रोल महागल्यावर कितीतरी अँबॅसडरांची आणि जीपांची इंजिने बदलली गेली. बहुतेक डिझेल इंजिनांच्या श्वासमार्गात अॅक्सिलरेटरची ती झडप नसते, त्यामुळे विरळ हवाही निर्माण होत नाही. आल्टरनेटरच्या टोकाला निराळा व्हॅक्यूम पंप लावून काम भागवावे लागते. अशा गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवण्याचा बेत असेलच, तर त्याच पंपावर ब्रेकची तजवीज करणे शहाणपणाचे आहे.

आता जे सांगायचे ते या सर्वांहून महत्त्वाचे आहे. बूस्टर पायाचे श्रम कमी करतो. गाडी थांबवण्याची मूळ क्षमता तो तिळमात्र वाढवत नाही. थांबणे म्हणजे गतीची उष्णता करणे, आणि ती उष्णता ड्रमलाच पचवावी लागते. 1000 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरच्या वेगावरून एकदा थांबली की सुमारे 139 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण 500 मीटर खाली केवळ ब्रेकवर उतरवली, तर 4,900 किलोज्यूल, म्हणजे अशा 35 थांब्यांएवढी उष्णता ड्रमवर एकामागून एक येऊन पडते. लायनर तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल उकळते, आणि तेलातल्या बुडबुड्यांमुळे पेडलसकट पाय जमिनीला टेकतो. त्यावेळी बूस्टर असो वा नसो, काहीच फरक पडत नाही. उलट हलक्या पेडलमुळे मनुष्य अधिक वेळ ब्रेक दाबून ठेवतो, आणि संकट लवकर ओढवते. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये घाट उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता बूस्टर लावल्यावर अधिक कसोशीने पाळला पाहिजे. त्याच पिढीतील काहींची दुसरी सवय मात्र कायमची सोडावी लागेल: पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची. इंजिन बंद होताच बूस्टरचा प्राण जातो. व्हॅक्यूमच्या डब्यात वा हायड्रॉलिक बूस्टरच्या साठवण-कोठडीत दोन-तीन वेळा ब्रेक लागेल एवढीच शिल्लक असते, आणि कात्रजचा उतार तेवढ्यात संपत नाही.

म्हणून नाना पेठेत सुटे भाग धुंडाळायला निघण्यापूर्वी कामाचा क्रम ठरवावा. जुन्या फियाटमध्ये मास्टर सिलिंडरची तेलाची वाट एकच असते, चारपैकी एका चाकाचा रबरी होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. बूस्टरने दाब वाढला की जीर्ण रबर आधी तुटणार. त्यामुळे सर्वप्रथम दोन स्वतंत्र वाटांचा टँडम मास्टर सिलिंडर, नवे होज आणि चाकांच्या सिलिंडरचे नवे किट बसवावे, ड्रम लेथवर फिरवून गोल करून घ्यावेत. पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जोडी केल्यास मागच्या चाकांचा दाब आवरणारी झडप हवी, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होते. बूस्टर बसवल्यावर पेडलची तरफ सहापटीवरून चौपटीवर आणावी लागते. ती तशीच ठेवली तर बोटभर स्पर्शाने गाडी डोके आपटते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि आपल्या पावसाळ्यात तर अधिकच: डॉट 3 चे उकळणे कोरडे असताना निदान 205 अंशांवर, पाणी शिरल्यावर 140 अंशांपर्यंत उतरलेले. ते नियमाने बदलावे.

हायड्रॉलिक बूस्टरच्या गाडीत तर दोन तेले शेजारी नांदतात, आणि त्यांचे वैर पक्के असते. स्टिअरिंगचे खनिज तेल चुकून मास्टर सिलिंडरमध्ये पडले तर ब्रेकचे रबर फुगून निकामी होते, ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये गेले तर त्याचे रबर नासते. दोन्ही टाक्यांच्या झाकणांवर ठळक अक्षरांत नावे लिहून ठेवावीत. गॅरेजमधला नवा मुलगा कोणत्या घाईत काय ओतील याचा भरवसा धरू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पंपाचा पट्टा तुटला की ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे साहाय्य एकाच क्षणी जाते. पट्टा तपासणे म्हणूनच किरकोळ काम नव्हे.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणी-दाखल्यातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला. इंजिन आणि इंधन हे तर दाखल्यावर लिहिलेले तपशील, तेव्हा डिझेल करून घेण्याआधी परिवहन कचेरीत रीतसर दरखास्त द्यावी. जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची निराळी नोंदणी मिळते. ज्याला ती घ्यायची असेल त्या मालकाने मूळ पेडल, मास्टर सिलिंडर, नळ्या आणि ड्रम तेल लावून, चिठ्ठ्या बांधून माळ्यावर ठेवावेत, आणि नवे यंत्र बसवताना मूळ पत्र्याला एकही नवे भोक पाडू देऊ नये. पुढे कधी गाडी मूळ रूपात परत न्यावीशी वाटली, तर ते भाग हाताशी असतील.

सगळी जुळवाजुळव झाली, चारही चाकांच्या ब्रेकच्या तेलातली हवा काढून झाली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवून तेलातला फेस विरला, की गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी एक परीक्षा उरते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे साठवलेला दाब संपतो आणि पेडल कठीण होते. मग पाय तसाच दाबून ठेवून किल्ली फिरवावी. व्हॅक्यूमचा बूस्टर असेल तर पेडल हलकेच खाली जाते आणि तिथेच राहते. हायड्रॉलिक बूस्टरमध्ये ते आधी किंचित खाली बसते, आणि क्षणभराने पायाला खालून हळूच वर रेटते. तो रेटा तळपायाला स्पष्ट जाणवला, की गाडी अंगणातून बाहेर काढावी, पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर, आणि घाटाकडे दुसऱ्या गिअरमध्ये.